टोपल्याखालचं पीठ

रुखमाबाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिची सून भागीरथा मधल्या खोलीच्या दाराशी उभी होती. म्हातारीनं जिथे प्राण सोडला तिथे रीतीप्रमाणे पीठ पसरून वर टोपलं पालथं घातलं होतं, टोपल्यावर दगड. सकाळी चार माणसांदेखत ते उचलायचं. पिठात ज्याचं पाऊल उमटेल, त्याच्या जन्माला जीव गेला असं समजायचं.

कुरखेड्याकडच्या त्या गावात एरवी हे पाहायला कोणी फिरकत नसे. आज मात्र सारं गाव येणार होतं. ही नथ्थूची करणी. त्याचं पोर तापात गेलं, त्याआधी रुखमाबाईनं पोराला अंगारा लावला होता. तेवढ्यावरून त्यानं म्हातारीला चेटकीण ठरवलं. काल मसणात सगळ्यांसमोर म्हणाला, "उद्या मांजराचा पंजा निंगते का नाई, पाहजा." चेटकिणीचा जीव मांजरात जातो हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पंजा निघाला की घराचं पाणी बंद, आणि भागीरथाच्या दोन्ही पोरी लग्नावाचून जन्मभर घरात.

आणि हे कोणाबद्दल? नवरा वाघानं नेल्यावर मोहफुलं वेचून जिनं एकटीनं लेकाला, मुखरूला, वाढवलं, दर चैत्रात चांद्याच्या महाकालीला अनवाणी गेली, नातींना मांडीवर घेऊन देवीची गाणी म्हटली, तिच्याबद्दल. भागीरथाला देवी आल्या तेव्हा गावानं तिला रानातल्या खोपीत ठेवलं. सासू आपणहून खोपीत जाऊन राहिली, कडुनिंबाच्या डहाळीनं वारा घालत बसली. भागीरथाची सख्खी आई काही आली नाही.

भागीरथाला राहवेना. लोक यायच्या आत तिनं दगड काढला, टोपलं कलतं केलं. पिठाच्या मधोमध पंजा होता. चार बोटं, मागे गादी.

टोपलं एका बाजूला उसवलेलं होतं, पण तिकडे तिचं लक्षही गेलं नाही. तिच्या लेखी तो पंजा सासूचाच होता. आणि उमटलेलं पुसलं तर जीव कुठल्याच जन्माला जात नाही, भटकत राहतो, हे तिला खुद्द रुखमाबाईनंच सांगितलं होतं. अंगणात नथ्थू खोकला.

"माय, मले माफ कर," ती पुटपुटली. तळव्यानं तिनं पीठ सारखं केलं, टोपलं घातलं, दगड ठेवला आणि हात लुगड्याला पुसला.

टोपलं गावातल्या वडीलधाऱ्या वारलूनं उचललं. पीठ सपाट. नथ्थूनं पुन्हा पुन्हा वाकून पाहिलं, मग गुपचूप मागे सरला. बाईला आता जन्म नाही, ती थेट महाकालीच्या पायापाशी गेली, असं वारलूनं सांगितलं. लोकांनी हात जोडले. कालपासून डोळ्यांतून टिपूस न काढलेला मुखरू हमसून हमसून रडला.

पहिला नमस्कार सुनेनं करावा, असं वारलू म्हणाला. भागीरथानं पिठापाशी डोकं टेकलं. सारे म्हातारी सुटली म्हणून निवांत झाले होते, आणि आपण तिला कुठे लोटून दिलं हे हिला एकटीलाच माहीत होतं.

"माय," ती कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "रानावनात भटकू नको. माह्या अंगात ये, मी सोसीन."

बोलून तर गेली, पण सासू खरंच येईल या भीतीनं तिला डोकं वर उचलता येईना.