हिरवळबाबांचा काळा चहा

"सरका, सरका! खरंच हिरवं झालंय!" असं ओरडत निवृत्त पोस्टमास्तर आमच्या कुंपणावरून वाकले, ते थेट अंगणातच पडले. त्यांना उचलायला कोणाला सवड होती? अख्खी गल्ली माझ्या दादाच्या लॉनकडे आ वासून बघत होती. चार दिवसांपूर्वी कावीळ झाल्यासारखं पिवळं पडलेलं गवत आता हिरवंगार डुलत होतं.

मधोमध हिरवळबाबा उभे. हिरवा झगा, हिरवी टोपी, हातात लांब तोटीची झारी.

"गवताला खत नको, पाणी नको. गवताला हवी असते दया!" बाबा म्हणाले. "मी त्याच्या कानात बोलतो."

"गवताला कान कुठे असतात?" मी विचारलं.

"श्रद्धा नसलेल्यांना दिसत नाहीत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघीतिघी तर खाली वाकून कान शोधू लागल्या.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. जीभ शिवशिवत होती, पण गप्प बसले. त्या लॉनपायी दादा महिनाभर जेवणावरून उठून अंगणात पळत होता. शेणखत झालं, युरिया झाला, दोन वेळा बोअरचं पाणी झालं. शेवटी बाबा. त्याच्या चेहऱ्यावर आज पहिल्यांदा हसू होतं. गवतासाठी भावाशी कुठे वाकडं घ्यायचं?

तेवढ्यात बाबांची नजर वहिनीवर गेली. वहिनीला सहावा महिना. अंगात रक्त कमी, चेहरा पांढराफटक. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण त्या गोळ्यांनी तिला मळमळायचं.

"गोळ्या बंद!" बाबा गरजले. "रोज सकाळी या गवतावर अनवाणी उभ्या राहा. दया तळपायातून वर चढेल!"

मी नको म्हणाले, पण वहिनीला तेच हवं होतं. गोळ्यांची पट्टी कपाटात गेली आणि ती रोज गवतावर उभी राहू लागली. बाबाही रोज संध्याकाळी येऊन झारी रिकामी करून जात.

आठव्या दिवशी स्वयंपाकघरात धाडकन आवाज झाला. वहिनी भोवळ येऊन ओट्याला लटकली होती. मी तिला धरलं, तर हात बर्फासारखे.

"बाबा म्हणालेत, आधी थोडं खाली जातं, मग वर येतं," दादा पुटपुटला.

"दादा, ती काय लिफ्ट आहे?"

असं म्हणत मी वहिनीला पलंगावर आडवं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच गोंधळ. व्हरांड्यातल्या पांढऱ्या फरशीवर वहिनीची तांबूस पावलं उमटली होती! पुन्हा गर्दी. शेजारच्या काकूंनी साबण लावून घासलं. पावलं ढिम्म.

"साबणाने जात नाही, म्हणजे दैवीच!" काकू म्हणाल्या.

मी आतून लिंबू आणलं, अर्धं कापलं आणि एका पावलावर चोळलं. बघता बघता अंगठा गेला, टाच गेली.

"अगं बाई, पुसलंस की!"

"काकू, देव लिंबाला घाबरत नाही. गंज घाबरतो."

आता मला धागा सापडला होता. संध्याकाळी बाबा आले तेव्हा मी अंगणात टेबल मांडून कोऱ्या चहाचे तीन कप ठेवले होते. पहिल्यात नळाचं पाणी घातलं. काही नाही. मग बाबांच्या हातातली झारीच ओढली आणि दुसऱ्या कपात दोन चमचे ओतले. चहा झाला काळा कुळकुळीत, जणू शाईच! तिसऱ्यात वहिनीची गोळी कुटून, गाळून घातली. तोही काळा!

"लोह आणि चहाची गाठ पडली की असंच होतं," मी म्हणाले. "झारीत दया नाही, हिराकस आहे. लोहाचं मीठ, खतांच्या दुकानात पोत्यानं मिळतं. आपल्या बोअरच्या जड पाण्यामुळे मातीतलं लोह गवताला मिळेना, म्हणून ते पिवळं पडलं. लोह मिळालं, हिरवं झालं. तेच पाणी ओल्या पायांनी फरशीवर आलं आणि गंजलं." मग मी वहिनीकडे वळले. "वहिनी, तुझी बंद केलेली गोळी त्यानं गवताला चारली. गवताला गोळी आणि तुला गवत!"

मग पोस्टमास्तर खो खो हसत सुटले आणि हसण्याची साथच पसरली.

"मी मौनात गेलोय," बाबा म्हणाले.

"मग बोलताय कशाला?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

बाबा झगा सावरत फाटकाकडे सटकले. दादाला हसू येत नव्हतं. तो वहिनीसमोर मान खाली घालून उभा होता.

"गोळी दे, ताई," वहिनी मला म्हणाली. "चहाबरोबर घेतली तर चालेल?"

"नको. चहा लोहाला अडवतो. पाण्याबरोबर घे."

दुसऱ्याच दिवशी दादा तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी मळमळ न होणारी गोळी दिली. मागच्या गल्लीत आणखी दोघींनी बाबांच्या सांगण्यावरून औषधं सोडली होती. त्यांच्या घरी समजवायला वहिनी स्वतः गेली. दीड महिन्याने तिच्या रक्ताचा अहवाल चांगला आला, तेव्हा दादा अंगणात लहान मुलासारखा नाचला.

गवत हिरवं होण्यामागे कारण असतं, माणूस पांढरा पडण्यामागेही असतं. ते शोधायला थोडं शिकावं लागतं आणि थोडं विचारावं लागतं, एवढंच. ज्याला प्रश्नांचा राग येतो, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका. हात जोडायचे तर खुशाल जोडा, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी आधी गिळा.