न थांबलेली बस

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाईंना उन्हाळ्यात भर बसमध्ये हृदयविकाराचा झटका आला. ड्रायव्हरने त्यानंतर एकही थांबा घेतला नाही. माणसांनी खचाखच भरलेली बस त्याने मधूनच वळवली आणि थेट हॉस्पिटलच्या दारात नेऊन उभी केली. थोडा जरी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

बाई बहिणीकडे जाऊन आराम करून आल्या, दुकान पुन्हा उघडलं. वर्ष सरत आलं तशी मुलगी मागे लागली.

"आई, झोपताना रोज एका माणसाचे मनापासून आभार मानत जा. बीपीसुद्धा ताळ्यावर राहतं."

बाईंनी आधी हसण्यावारी नेलं, मग त्यांना सवय लागली. डॉक्टर झाले, नर्स झाल्या, बहीण झाली. कुंडीतलं पाणी खाली सांडतं म्हणून जिच्याशी कायम खटके उडायचे, त्या वरच्या मजल्यावरच्या शेजारणीचाही नंबर लागला. इतकी माणसं आपल्यासाठी झिजली, म्हणजे आपणही काही वाईट नसणार, असं त्यांना हळूहळू वाटू लागलं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांना ड्रायव्हर आठवला. त्याचं नाव माहीत नव्हतं, चेहराही डोळ्यांसमोर येईना. त्यांनी फळांची मोठी टोपली बांधून घेतली आणि बस डेपो गाठला.

त्या दिवशीचा कंडक्टर तिथंच भेटला. त्याने बाईंना ओळखलं.

"तो आता इथं नसतो."

"बदली झाली का?"

"काढलं त्याला. न विचारता बस वळवली म्हणून प्रवाशांनी तक्रारी केल्या. कुणाची मुलाखत हुकली, कुणाचं आणखी काही. त्यात वळताना एका उभ्या गाडीला घासली. साहेब म्हणाले, त्या पेशंटनं येऊन सांगितलं तर बघू. डेपोतून तुम्हाला फोन गेला होता ना?"

फोन आला होता. बहिणीच्या घरी, सोफ्यावर पाय पसरून मालिका बघताना. बरं वाटलं की येते, असं त्या म्हणाल्या होत्या. बरं तर त्यांना केव्हाच वाटलं होतं.

बाईंचे कान तापले. टोपली एकदम जड लागायला लागली.

"ही तुम्हीच द्याल का त्यांना?" त्यांनी विचारलं.

कंडक्टरने हात पुढे केला नाही. "तुम्हीच द्या की. मागच्या रस्त्याला फर्निचरचं गोदाम आहे, तिथं असतो."

गोदामात एक माणूस गाद्यांना प्लास्टिक गुंडाळत होता. बाईंना पाहून त्याने पँटला हात पुसले. तो चेहरा बघितला आणि बाई दारातच थबकल्या. हा माणूस दुकानात येऊन गेला होता.

"तुम्ही आला होता माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

"आलो होतो, माझी चौकशी चालू होती तेव्हा. तब्येत कशी आहे म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, ठीक आहे, तुम्हाला काय दाखवू?"

"मग सांगायचं नाही का, तुम्ही कोण ते?"

"तेच बोलायला तोंड उघडत होतो. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, काही घ्यायचं नसेल तर काउंटर अडवू नका. मग चष्म्याची दोरी घेतली आणि निघालो."

"तुम्हाला चष्मा आहे?"

"नाही. वडिलांना झाली ती."

बाईंनी टोपली एका खोक्यावर ठेवली. "माझं चुकलं."

"होतं असं," तो म्हणाला आणि प्लास्टिकचं टोक शोधू लागला. मग मान वर न करताच म्हणाला, "राग आला होता, खोटं कशाला बोलू. घरी जाऊन बायकोला म्हणालो, पुन्हा कुणी बसमध्ये पडलं तर सगळे थांबे घेत जाणार."

बाई तशाच मागे फिरल्या आणि डेपोत जाऊन साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. साहेब निघायच्या तयारीत होते.

"आता येताय, बाई? इतक्या महिन्यांनी?"

"हो. लिहून घ्या. त्यांनी बस वळवली म्हणून मी जिवंत आहे. आणि तुमचा फोन आला तेव्हा मी चांगली हिंडत-फिरत होते. कंटाळा केला, आले नाही. तेही लिहा."

"त्याची काही गरज नाही."

"आहे. लिहा."

संध्याकाळी जेवताना मुलीने विचारलं, "मग, वर्षातले शेवटचे आभार कुणाचे?"

बाईंनी सगळं सांगितलं. मुलगी त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "अगं, तुला बरं नव्हतं ना तेव्हा."

"बरं होतं मला," बाई म्हणाल्या आणि हात काढून घेतला.

चौकशी पुन्हा उघडायला बरेच दिवस गेले. दुकान बंद ठेवून बाई किती वेळा डेपोच्या बाकावर ताटकळल्या, त्यांनाच ठाऊक. शेवटी त्याला परत घेतलं, पण इतक्या वर्षांची नोकरी धरली नाही. नव्याने लागलेल्यांच्याही खाली त्याचं नाव आलं आणि वाट्याला आली कुणालाच नको असलेली पहाटेची पाळी.

सकाळची त्याची शेवटची फेरी नेमकी बाईंच्या दुकानावरून जायची. पहिले काही आठवडे त्या ती बस सोडून देत आणि पुढची येईपर्यंत उभ्या राहत. मग एके दिवशी धीर करून चढल्या. त्याने आरशातून पाहिलं आणि पुढची रिकामी जागा खुणेनं दाखवली. बाईंनी मान हलवून नको म्हटलं आणि दांडा धरून मागेच उभ्या राहिल्या.