हिरव्यावर पाय

आमच्या चेअरमनांना मातीबद्दल काही सांगायला गेलं की जांभई येते. धर्माचं निघालं की लगेच हात जोडतात. म्हणून कसबा बावड्यात आमच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेतलं गवत टिकलं ते माझ्यामुळे नव्हे, माझ्या सासूबाईंमुळे, अक्कांमुळे.

बिल्डरनं तिथं राडारोडा पसरून रोलर फिरवला होता. पावसाचं पाणी मुरायचंच नाही, थेट पार्किंगमध्ये शिरायचं. मी माहेरच्या, कोडोलीच्या माळावरून मारवेल आणि पवन्या गवताचं बी आणून टाकलं, शेणखत घातलं. आता तिथल्या मातीत बोट जातं, गांडुळं सापडतात. पण दर पावसाळ्यात चेअरमन बाळासो कापायचं मशीन घेऊन हजर. दिवाळीपर्यंत बी झडू दे, मग कापा, हे सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी अक्काच म्हणायच्या, "चातुर्मासात आमी हिरव्यावर पाय देत न्हाई, आन् तू मशीन फिरवतोस व्हय?" बाळासो माघारी. अक्का स्वतः गुडघे धरत, सगळ्या गवताला वळसा घालून जैन बस्तीत देवदर्शनाला जायच्या.

यंदा पर्युषणात मी माहेरी जाऊन आले, तर निम्म्या गवतावर प्लास्टिकची हिरवळ अंथरलेली. बाळासो खुशीत होते.

"अक्काताईंसाठी केलंय की. जीव मरायची भानगड न्हाय, गुडघ्यालाबी तरास न्हाय. सरळ चालत जायचं."

"आणि खालचं गवत?"

"हाय की खाली. झाकलंय फकस्त."

माझं डोकंच फिरलं. ऐन बी धरायच्या वेळी गवत गुदमरवायचं, आणि वर उपकाराची भाषा. मला काही ते व्रत नाही. रस्त्याकडची कड सिमेंटात पक्की केली होती, म्हणून मी गवतात शिरून पलीकडची सुटी कड ओढायला लागले. पावसानं भिजून ती हलेना. लोक गॅलरीतून बघत होते. एकही खाली उतरला नाही.

अक्का कडेला उभ्या होत्या. मी उचललेल्या कोपऱ्याखालचं पिवळं, चिखलात लोळलेलं गवत त्यांनी पाहिलं. मग चप्पल काढली, आणि चातुर्मासात जन्मात कधी हिरव्यावर न टेकलेला पाय गवतात टाकला.

"अक्काताई, तुमचं व्रत..." बाळासो धावत आले.

"माझं मी बघती. तू त्या टोकाला धर."

बाळासोंनी धरलं. हिरवळ निघाली.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी प्रायश्चित्त म्हणून उपास धरला. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. सत्तरी उलटलेली बाई, खिडकीशी जपमाळ घेऊन बसून होती आणि मी आतल्या आत जळत होते. संध्याकाळी बाळासो दारात.

"अक्काताई जेवल्या का?"

"तुमच्या वाटणीचा उपास चाललाय त्यांचा," म्हटलं, आणि दार लावून घेतलं.