मोठ्या बाईंच्या हातातली घंटा

ओल्या चादरींचा वास. तीन मजले, एकोणचाळीस पायऱ्या. टेबलाच्या खणात झोपलेलं बाळ. ‘अर्ज काळ्या शाईनेच भरावा.’ वीतभर लाल फीत.

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझ्याच आयुष्याचे आहेत, पण मला ते नीट जुळवता येत नाहीत. मी पितळेची एक जुनी हातघंटा. बोलायची सवय मोडली आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

मला ज्या ओताऱ्याने ओतलं, त्याने एकदा वाजवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. “आवाज फाटका आहे,” तो म्हणाला. “घरात कोणी ठेवायचं नाही हिला. शाळेत खपेल. तिथे सगळेच ओरडतात.”

अशी मी शाळेत आले आणि मोठ्या बाईंच्या हाताला लागले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांची एक रीत होती. सकाळी हजेरी झाली की जी मुलं आली नसतील, त्यांच्या घरी त्या स्वतः जायच्या. दुसऱ्या कुणाला पाठवायच्या नाहीत. गल्लीच्या तोंडाशीच मी वाजू लागायचे आणि घराघरांतून कुजबुज यायची, “आल्या, आल्या. तोंड धू आधी.”

धुलाईघरात काम करणाऱ्या एका बाईची मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहायची. एवढीशी होती, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत.

“बाई, आज राहू द्या हिला,” तिची आई दार अडवून म्हणाली. “धाकट्याला कोण बघेल? मला काय चार हात आहेत?”

“धाकट्यालाही द्या.”

“अहो, रडून शाळा डोक्यावर घेईल तो.”

“घेऊ दे. पन्नास जण रोज घेतात, त्यात हा एक.”

धाकटा बाईंच्या टेबलाच्या खालच्या खणात झोपू लागला. खणातल्या वह्या कपाटावर गेल्या. आणि चिमणी पाचवीपर्यंत आली.

मग शिक्षकांनीच बाईंचं नाव उत्कृष्ट मुख्याध्यापक पुरस्कारासाठी द्यायचं ठरवलं. सगळ्यांचा जीव होता त्यांच्यावर. अर्जात विचारलं होतं, ‘आपल्या उपक्रमाचे नाव काय?’ बाई म्हणाल्या, “नाव कसलं? मुलं आली नाहीत तर मी बोलवायला जाते.” एका सरांनी तिथे ‘ज्ञाननाद’ असं लिहिलं.

पुरस्कार मिळाला. तो योग्य माणसाला मिळाला, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. व्यासपीठावर मला टेबलावर ठेवलं होतं. भाषणाच्या मध्येच मी वाजेन, म्हणून संयोजकांनी माझ्या पोटातला, आवाज काढणारा लोलक लाल फितीने आवळून बांधला. नंतर मला ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवलं.

पुरस्काराला एक अट होती. विजेत्याने वर्षभर गावोगावच्या शाळांना मार्गदर्शन करायचं. मुलांच्या घरी कसं जावं, हे सांगायला बाई दूरदूर जाऊ लागल्या. इकडे मुलांच्या घरी कोण जाणार? शिक्षक एकमेकांकडे पाहत. “ते बाईंचं काम,” ‘ज्ञाननाद’वाले सर म्हणाले. “त्यावर त्यांना पुरस्कार आहे. आपण कसा हात लावायचा?” त्यात वाईट हेतू नव्हता, आदरच होता.

शिपाईमामांनी माझ्यासमोरच फोन लावला. “बाई, चिमणी चार दिवस आली नाही.”

“शनिवारी येतेय ना, तेव्हा जाते,” फोनमधून बाई म्हणाल्या.

शनिवारी त्यांचा कुठेतरी सत्कार होता. पुढच्या शनिवारीही होता.

सात आठवड्यांनी त्या आल्या, मला कपाटातून काढलं आणि एकोणचाळीस पायऱ्या चढल्या. दारात त्यांनी मला हलवलं. मी वाजले नाही. फीत तशीच होती, ती त्यांच्या ध्यानात आली नव्हती. मग त्यांनी हाताने कडी वाजवली.

“चिमणी कुठाय?”

“कामाला लावली,” आई म्हणाली. “चादरींच्या घड्या घालते. हात बसलाय आता तिचा.”

“मला विचारायचं तरी.”

“तुम्ही चार दिवस आला नाहीत, आठ दिवस आला नाहीत. मला वाटलं, आता तुम्हालाही पटलं.”

बाई धुलाईघराच्या दारापर्यंत गेल्या. वाफेत चिमणी उभी होती. तिने आमच्याकडे पाहिलं, ओशाळली आणि पुढची चादर उचलली.

मी पुन्हा कपाटात आहे. रोज पुसतात मला. मुलं माझ्या आवाजाने उठतात, असा मला गर्व होता. तो आता राहिला नाही. त्यांना कुणीतरी न्यायला येत होतं, एवढंच होतं ते. मित्रांनो, चांगलं काम करणाऱ्यांचा सत्कार जरूर करा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना त्यांच्या कामावर जाऊ द्या. आणि ते नसतील त्या दिवशी तुम्ही जा. हे सांगून आमच्या शाळेत आता काही बदलणार नाही. सांगते एवढंच.

पुरस्काराचा अर्ज टपालात पडला, त्या दिवशी पटावरची सगळी मुलं वर्गात होती.