बद्रीनाथची कंबर

मंठ्याच्या तालमीत बद्रीनाथ बैठका मारायला लागला की रस्त्यावरची माणसं आत यायची. रखमाजी वस्ताद त्याच्या खांद्यांवर दोन पठ्ठे बसवायचा आणि बद्रीनाथ त्यांना घेऊन खाली बसायचा, वर उठायचा. वस्ताद पाहुण्यांचा हात धरून त्याच्या मांडीवर ठेवायचा. "दाबून बघा. दगड हाय, दगड."

त्या दगडाची कंबर रोज सकाळी धरलेली असायची, हे फक्त त्याच्या बायकोला, साळूबाईला माहीत होतं. अंथरुणातून उठताना तो आधी कुशीवर वळायचा, मग हातानं जमीन रेटायचा.

"अवो, वस्तादाला सांगा की," ती म्हणायची.

"काय सांगू? दुखून राह्यलं म्हणून? हसतील लोक."

परतूरच्या जत्रेत त्याची कुस्ती परभणीकडच्या एका सडपातळ गड्याशी लागली. बद्रीनाथनं त्याला सहज खांद्यावर घेतलं. तो गडी वरच्या वर वळला, त्याच्याबरोबर बद्रीनाथलाही वळावं लागलं, आणि कमरेत काहीतरी कडकन गेलं. पाय बधिर झाले. तो मातीत कोसळला आणि गडी छातीवर बसला.

बद्रीनाथला उठता येईना. रखमाजी वस्ताद आखाड्यात आला, पण त्यानं वाकून हात दिला नाही. लोकांकडं तोंड करून तो मोठ्यानं म्हणाला, "कंबर कशाची मोडती? दिल मोडलं याचं. बायकोच्या उबेला बसलं की असंच व्हतं."

लोक हसले. बैलगाडीत उताणा पडून घरी येताना बद्रीनाथच्या कानात ते हसणं होतं.

वस्ताद एकदाही विचारपूस करायला आला नाही. शेवटी साळूबाई पदर खोचून तालमीच्या दारात जाऊन उभी राहिली. बाई दारात आलेली पाहून आतला आवाज थांबला.

"माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर बसत व्हते ते दोघं कुठं हायत?" तिनं विचारलं. "त्यायला म्हनावं, आता चला. माणूस परसाकडं न्यायचा हाय. माझ्या एकटीच्यानं उचलत न्हाई."

कोणी हललं नाही. वस्तादानं दार लावून घेतलं.

बद्रीनाथ चालायला लागला तेव्हा खरीप घरात आला होता. जालन्याला नरहर मास्तर म्हणून शाळेत कसरत शिकवणारे एक गृहस्थ होते. मलखांबात त्यांचं नाव होतं. बद्रीनाथ परतूरहून आगगाडीनं त्यांच्याकडं गेला. मास्तरांनी त्याला वाकायला लावलं, वळायला लावलं, मग उताणं झोपवलं. एक पाय सरळ वर धरायचा आणि कंबर जमिनीला टेकलेली ठेवायची, एवढंच. पाय लटपटला आणि कंबर वर उचलली गेली.

"हे लहान पोरांचं काम हाय!" बद्रीनाथ चिडून उठला.

"मग पोरांइतकं तरी करून दाखव," मास्तर म्हणाले. "अरे, तुझे खांदे तयार आहेत, मांड्या तयार आहेत. मधे कोणीच नाही. आणि जिथं वळायला हवं, खुब्यात आणि छातीमागं पाठीत, तिथं तू लाकडासारखा झालायस. मग सगळा पीळ कमरेवर येतो."

बद्रीनाथ राहिला. चार पायांवर रांगला, मलखांबाला लोंबकळला, टाचा जमिनीला टेकवून खोल बसायला शिकला, श्वास पोटात धरून हळूहळू अंग वळवायला शिकला. एके दिवशी त्याला सकाळी सरळ उठून बसता आलं, आणि आनंद व्हायच्या ऐवजी त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"मास्तर, हे रखमाजीला ठाऊक नसंल का?"

"असेलही. पण पोट आणि खुबे बघायला गर्दी कुठं जमते?"

त्या दिवशी बद्रीनाथनं मलखांबावर मुठी आपटून घेतल्या. मास्तर म्हणाले, "आता जा, अंग धू."

पुढच्या वर्षी मंठ्याच्या जत्रेत तो उतरला. रखमाजीनं आता कचरू नावाचा नवा मल्ल तयार केला होता. कचरू वीस-बाविशीचा, शेतकऱ्याचा मुलगा, बैलासारखा जाड मानेचा. बद्रीनाथनं भर आखाड्यात त्याचीच कुस्ती मागितली. वस्ताद हसला. "मोडका दगड आलाय म्हणं परत!"

सलामी झाली. कचरू चाल करून आला तसा बद्रीनाथ खुब्यातून बाजूला वळला, त्याच्या मागं गेला आणि दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला विळखा घातला. कचरू सुटायला झटला. बद्रीनाथच्या मनगटांना त्याची पाठ काठीसारखी ताठ लागली, आणि खाली, माकडहाडाच्या वर, एक बारीक आचका. तो आचका बद्रीनाथच्या ओळखीचा होता.

उचलून पिळायचं, बस. सगळ्या मंठ्यासमोर रखमाजीचा दुसरा दगडही फुटला असता. बद्रीनाथचे दात आवळले गेले. हात तर कधीच तयार होते.

"पिळून काढ त्येला, कचरू!" वस्ताद ओरडत होता. "मान मोड!"

बद्रीनाथनं कचरूला उचललं आणि पायांवर सरळ उभं केलं. विळखा सोडला आणि आखाड्याबाहेर पडून तो थेट वस्तादासमोर गेला.

"याची कंबर चाललीय, वस्ताद! तुमच्या हातानं चाललीय! अजून किती गडी खानार तुमी?"

आखाडा सोडला म्हणून पंचांनी कचरूला विजयी ठरवलं. डोक्याला फेटा बांधून कचरू बद्रीनाथकडं आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"मला सोडलं कशापायी? भीक घातली व्हय?" तो बद्रीनाथच्या पायाशी थुंकला.

साळूबाईनं रात्री भाकरी वाढली, ती त्यानं खाल्ली नाही. सकाळी तो तालमीत गेला. कचरूच्या खांद्यांवर दोघं बसलेले होते आणि वस्ताद मोजत होता. बद्रीनाथनं दोघांचे दंड धरून त्यांना खाली ओढलं.

"हाकला याला!" वस्ताद ओरडला.

पठ्ठे तुटून पडले. छातीला रेटलं, बाजूनं ढकललं. बद्रीनाथ रेट्यासरशी थोडा झुकायचा आणि परत जागेवर यायचा. शेवटी त्यांनी पाय धरून त्याला उचललं आणि रस्त्यावर फेकलं. कोपर सोललं. धुळीत बसल्या बसल्या त्याला आतलं ऐकू येत होतं.

"कचरू, खाली बस."

मग कचरू म्हणाला, "कंबर दुखून राह्यली, वस्ताद."

थप्पड वाजली. "बस म्हणतो ना!"

"न्हाई बसत."

कचरू अंगावर सदरा चढवत बाहेर आला. गालावर बोटं उमटली होती. बद्रीनाथ उठला.

"चल माझ्याबरूबर. मी दाखवतो तुला, मास्तरांनी मला—"

"तुमी बी गप ऱ्हा!" कचरू किंचाळला. "त्यानं गर्दी जमवाया मला वापरलं. तुमी काल त्येला शिव्या द्याया वापरलं. माझी कंबर हाय ती! मला विचारलं का कोनी?"

तो एका हातानं कंबर धरून आपल्या गावाच्या वाटेला लागला. बद्रीनाथला त्याच्यामागं धावावंसं वाटलं, पण तो धुळीतच उभा राहिला. तालमीतून वस्तादाच्या शिव्या चालूच होत्या. त्या आता नुसत्या ओरडण्यासारख्या वाटत होत्या. बद्रीनाथच्या अंगाची आग होत होती, आणि पहिल्यांदाच ती सगळी रखमाजीवर टाकता येत नव्हती.

त्यानंतर कचरू आखाड्यात दिसला नाही. बद्रीनाथनं मळ्यातल्या आपल्या घरापुढं मलखांब पुरला आणि येईल त्याला शिकवायला लागला. नवा गडी आला की तो आधी विचारायचा, "कुठं दुखतं?" "कुठंच न्हाई" म्हणणाऱ्यावर तो असा डाफरायचा की साळूबाईला चुलीपासून उठून बाहेर यावं लागायचं.