गोर्डे सरांच्या हातातला कंपास

मित्रांनो, फळ्यावर मोठं वर्तुळ काढायचा लाकडी कंपास तुम्ही पाहिला असेल. एका पायाला लोखंडी टोक, दुसऱ्या पायात खडू. तसाच मी एक, आता वयानं बराच जुना. औरंगाबादेत उस्मानपुऱ्यातल्या एका हायस्कुलात माझं आयुष्य गेलं. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन थोडाच काळ लोटला होता, तेव्हा मुंजाबा सुतारानं मला सागाच्या लाकडातून घडवलं आणि गणिताच्या बद्रीनाथ गोर्डे सरांच्या हाती दिलं.

सर पाचोडचे, शेतकऱ्याघरचे. निजामाच्या राज्यात ते सगळं गणित उर्दूतून शिकले होते. आता शाळा मराठी झाली. सर घरी बसून मराठी शब्द पाठ करत, तरी वर्गात कधीमधी त्रिकोणाला ‘मुसल्लस’ म्हणून जात. मुलं हसली की तेही हसत. म्हणत, “मुसल्लस म्हणा नाहीतर त्रिकोण म्हणा, कोनांची बेरीज काही बदलत नाय!” फळ्यावर एका झोकात ते वर्तुळ काढत, तेव्हा सारा वर्ग बघत राही आणि माझी छाती फुगे. मग सिद्धतेच्या दर ओळीला त्यांचा एकच प्रश्न असे, “कशावरून?”

त्यांच्या वर्गात कस्तुरा नावाची मुलगी होती. खुलताबादकडच्या मेंढपाळाची लेक, उस्मानपुऱ्यात मामाकडं राहून शिकणारी. मॅट्रिकच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली, पण कस्तुरा परतली नाही. “तिचं लग्न बघतायत,” मामा म्हणाला. सरांनी रविवारी मला फडक्यात गुंडाळलं आणि खुलताबादची मोटार धरली.

डोंगराच्या उतारावर मेंढरं बसली होती. कस्तुराचे वडील सूर्यभान यांनी सरांना घोंगडी अंथरून दिली, पाणी दिलं.

“मास्तर, तुम्ही लई लांबून आलात,” ते म्हणाले, “पण पोरीच्या जातीला एवढी शाळा बास झाली.”

सर वाद घालत बसले नाहीत. “बरं. पण एवढं शिकली ते काय शिकली, ते तरी बघा,” असं म्हणून त्यांनी मला कस्तुराच्या हातात दिलं. “अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. करून दाखव सिद्ध.”

कस्तुरानं माझं टोक मातीत रोवलं आणि वर्तुळ ओढलं. रेघांसाठी बापाचीच काठी मागून घेतली. ती सांगू लागली, तसे सर मध्येच अडवू लागले, “कशावरून?” ती कारण देई आणि पुढं जाई. शेवटाकडं सरांनी मुद्दाम चुकीची पायरी सांगितली.

“नाही सर,” कस्तुरा म्हणाली. “तसं होत नाही.”

सूर्यभान दचकून उठले. “अगं, मास्तरला नाय म्हणती?”

“बरोबर असलं की म्हणायचंच, सूर्यभानराव,” सर म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. “मीच शिकवलंय तिला.”

सूर्यभान मातीतल्या त्या आकृतीभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, “मला यातलं काय बी कळलं नाय. पण आमच्या घरात आजवर कुणी शिकल्या माणसाच्या तोंडावर नाय म्हटलं नव्हतं. घेऊन जा तिला. लग्नाचं मागून बघू.”

त्या वर्षी कस्तुरा मॅट्रिकला गणितात शाळेत पहिली आली. पुढं ती स्वतः गणित शिकवू लागली, एका मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली.

सर निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले. मी कपाटावर जाऊन पडलो. गुडघ्याचा स्क्रू गंजला. कुणी हात लावेना.

मग एके दिवशी सर गेल्याची बातमी आली. शोकसभेसाठी मला पुसून टेबलावर, सरांच्या फोटोशेजारी ठेवलं. मुख्याध्यापक नानासाहेब म्हणाले, “ही सरांची आठवण आपण काचेच्या पेटीत जपून ठेवू.”

पहिल्या रांगेतून कस्तुराबाई उठल्या. केस पांढरे झालेले, आवाज खणखणीत.

“काचेत ठेवून काय करणार? त्याला तेल द्या, नवा स्क्रू बसवा आणि उद्यापासून वर्गात घ्या. मोडला तर मोडला. पोरांच्या हातात मोडला म्हणून सर कधीच रागावले नसते.”

सभा शोकाची होती, तरी टाळ्या वाजल्या. मित्रांनो, मी लाकडाचा आहे, पण त्या क्षणी मला वाटलं, सरांचा हात माझ्यावरून फिरला.

म्हणून सांगतो, जुन्या वस्तूंना हार घालू नका, काम द्या. आणि तुमचे शिक्षक तुमच्यात आहेत, तोवर त्यांना मनातलं सगळं विचारून घ्या.

कालच नववीतल्या एका मुलीनं माझ्याकडून वर्तुळ काढलं. जरा वाकडं आलं. तिनं ते पुसलं आणि पुन्हा काढायला घेतलं. माझा गुडघा अजून करकरतो, पण टोक पक्कं बसतं.