मरियमने छाटलेले दशांश

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मिरकरवाड्याच्या बंदरावर, मच्छीमार सोसायटीच्या खोलीत, मासळीच्या वासात आणि खाऱ्या वाऱ्यात माझा जन्म गेला. मुंबईत सुटे भाग जोडून मला तयार केले आणि २००१ साली ट्रकमधून इथे आणले. तेव्हा मला बघायला अख्खा वाडा लोटला होता. फार मिरवलो मी!

माझा सांभाळ मरियम करायची. होडी हाकणाऱ्या करीम तांडेलांची ही लेक जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकली होती. तिने माझ्यावर एक वेबपान तयार केले. खाडीच्या तोंडाशी पाणी किती आणि पाण्याखालची खडपे, म्हणजे खडक, कुठे, हे त्यावर दिसे. खडपात अडकले की जाळे फाटते, म्हणून होड्या त्या पानाचा छापील कागद बरोबर नेत.

माझ्यात एक खोड मात्र होती. मी सगळे शून्य आणि एक या दोनच अंकांत मोजतो, त्यामुळे काही दशांश माझ्यात नेमके मावतच नाहीत. २.२ मीटर पाण्यात ०.१ ची भरती मिळवली, तर मी २.३००००००००००००००३ असे सांगून मोकळा! सारी खोली हसली.

"अगो मरियम, ह्याला शेपटी फुटली!" करीम म्हणाले.

मरियमने लगेच नियम लिहिला: कुठलाही आकडा असो, दशांश चिन्हापुढे दोनच अंक दाखवायचे. पान कसे देखणे झाले!

एके सकाळी ती एका नव्या खडपाची जागा भरत होती. पाहते तर काय, हे खडप आणि त्याच्या शेजारचे खडप पानावर एकाच जागी! तिला चूक उमगली. पाण्याच्या उंचीला दोन अंक पुरतात, खडपाची जागा सांगणाऱ्या अक्षांश-रेखांशाला नाही. तिथे तेवढ्याने जागा अर्धा किलोमीटर सरकू शकते. आणि तिचा मोठा भाऊ मुझम्मिल तोच कागद आणि कोरे जाळे घेऊन समुद्रात गेला होता.

तिने वायरलेस उचलला. तो सगळ्या होड्यांवर ऐकू जातो, हे तिला ठाऊक होते. पोरीच्या कागदावर कसली भिस्त, म्हणून नाक मुरडणारेही त्या होड्यांवर होते.

"मुझम्मिलभाय, जाळं टाकू नको! कागदावरची जागा चुकलीय. चूक माझी हाय."

"आमी थांबलाव गो. तू नीट बघून सांग."

तिने पाण्याला दोन दशांश ठेवले आणि जागेला सहा दिले. मग एकेक अंक स्वच्छ वाचून दाखवला. मुझम्मिलने जाळे खडपापासून दूर टाकले. मला हात असते तर मी तिची पाठ थोपटली असती!

तेवढ्यात वायरलेसवर म्हातारे धोंडू तांडेल खाकरले. सर्वांत जास्त नाक मुरडणारे तेच.

"मरियमबाय," ते म्हणाले, "मी पन थांबलोय. माज्या कागदावरची जागा सांग."

आता माझे पत्रे गंजले आहेत. मित्रांनो, माझ्यासारख्यांना पुसून, झाकून ठेवत जा. आकडा छाटण्याआधी तो कशाचा आहे, ते बघत जा. आणि चुकलात, तर मरियमसारखे सगळ्यांदेखत सांगा. लाज थोडा वेळ वाटते, पण तुमच्या त्या एका शब्दासाठी भर समुद्रात कुणीतरी होडी थांबवून उभे असते.